भूमीची नाडीपरीक्षा

गेल्या वर्षीं वैशाखांत आम्ही पुरंदर तालुक्यांतील आमच्या मूळ गांवीं दोन आठवडे राहून आलों. कूळकायद्यांतून उरलेलें सात एकर शेत तेथें आमच्या दिवंगत ज्येष्ठ बंधूंचे चिरंजीव पाहतात. चार वर्षांपूर्वीं त्यांनीं अंजिराची बाग लावली. झाडें आतां कोठें फळावर येऊं लागलीं होतीं, आणि विहीर मात्र माघ संपतां संपतां तळ दाखवी. आम्ही पोंचलों त्याच्या आदल्याच दिवशीं वरच्या शेतांत बोअर घेणारी गाडी येऊन गेली होती. दोनशें फूट खालीं जाऊन बाहेर पडली ती नुसती करडी धूळ. वर्षभरांतील हा दुसरा कोरडा बोअर. पहिला शेतमालाच्या पैशांतून झाला होता; दुसऱ्यासाठीं सूनबाईंच्या पाटल्या पतपेढींत गहाण पडल्या होत्या. तिसऱ्याचा विचार चालला होता तो तिच्या हातांतील उरलेल्या दोन बांगड्यांच्या भरंवशावर.

घरांत यावर बोलणें निघे, पण पुरें होत नसे. वहिनी देवघराच्या उंबऱ्याशीं बसून म्हणत, "भाऊजी, जन्मभर लोकांच्या मुलांना शिकवलेंत, आतां घरच्या मुलाला कांहीं सांगा." आम्ही काय सांगणार? आमची विद्या मॅट्रिकपर्यंतची व पुढें संस्कृताची. परंतु त्या दिवसांत जें पाहिलें, आणि मागाहून वाचून-विचारून जें समजून घेतलें, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवतों. शेतावर विहीर असलेल्या किंवा शहरांत गृहसंस्थेच्या आवारांत बोअर असलेल्या प्रत्येक कुटुंबाला हा प्रश्न एकदां तरी पडतोच.

दोन्ही बोअरच्या जागा गांवच्या पाणाड्यानें दाखविल्या होत्या. हा गृहस्थ लुच्चा नाहीं, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतांतून चालतो. नारळ उभा राहिला कीं खालीं पाणी, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा आहे, आणि यजमान देईल तेवढीच दक्षिणा तो घेतो. ओढ्याकांठच्या त्याच्या कित्येक जागा खऱ्या ठरल्या आहेत. मात्र ओढ्याकांठीं डोळे मिटून खणलें तरी थोडेंबहुत पाणी लागतें, हें कोणी हिशेबांत धरीत नाहीं.

संस्कृतज्ञ वाचकांना येथें वराहमिहिराची आठवण होईल. इसवी सनाच्या सहाव्या शतकांतील त्याच्या बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा एक मोठा अध्याय केवळ भूमिगत पाणी शोधण्याविषयीं आहे. माणसाच्या अंगांत जशा रक्तवाहिन्या तशा भूमींत जलशिरा, कांहीं उथळ व कांहीं खोल, हें त्याचें गृहीत. निर्जल प्रदेशांत वेतस दिसला तर त्याच्या पश्चिमेस तीन हातांवर, दीड पुरुष खोलीवर पाणी सांगावें, अशा नियमांची तेथें रांगच आहे. खणतांना वाटेंत कोणती माती व कसला दगड लागेल, तेंही तो सांगतो. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. आमच्याकडे अजून 'विहीर पांच परस आहे' असें म्हणतात, तो हाच शब्द. वराहमिहिराचा प्रत्येक नियम आज खरा ठरेल, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु झाडें, वारुळें, माती, दगड हीं सारीं डोळ्यांना दिसणारीं व पडताळून पाहतां येणारीं चिन्हें आहेत. वराहमिहिर भूमीकडे पाहतो. नारळवाला नारळाकडे पाहतो. एवढा भेद लक्षांत ठेवला म्हणजे पुढील भाग समजण्यास सोपा जाईल.

आपल्या पायांखालीं काय आहे, तें प्रथम पाहूं. महाराष्ट्राच्या चार पंचमांशांहून अधिक भूमीखालीं काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे लोटावर लोट येऊन थिजले, त्यांचे हे थर. साधारणपणें प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट कातळ असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेला असतो. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्यें कधीं कधीं तांबड्या मातीचा पट्टा सांपडतो. घट्ट कातळांत पाणी राहतें तें फक्त भेगांत. झिजलेल्या मुरुमांत व मांजऱ्यांत तें साठतें. त्यामुळें नदीकांठच्या वाळूच्या प्रदेशासारखी येथें सर्वत्र पाण्याची एक सलग पातळी नसते. बांधाच्या अलीकडे भरलेली विहीर व पलीकडे दोनशें फूट धूळ, हा आमच्या भागांतील नित्याचा अनुभव. आणि खोल गेलें कीं पाणी लागतेंच, ही समजूत येथें सर्वांत महाग पडते.

आमची नात पुण्यास महाविद्यालयांत शिकते. तिनें आपल्या ओळखीच्या एका भूशास्त्रज्ञ बाईंना बोलावून आणलें. बाईंच्याजवळ एक पेटी, एक बॅटरी, तारांचीं रिळें, चार पोलादी खुंट्या व एक हातोडा, एवढेंच साहित्य होतें. पेटी पाहून पुतण्यानें विचारलें, "मॅडम, यांत पाणी दिसतें का?" त्या म्हणाल्या, "नाहीं. यांत फक्त आकडा दिसतो. पाण्याचा अंदाज आपण करायचा." पुतण्याचा चेहरा उतरला. आमचा मात्र बाईंवर त्याच क्षणीं विश्वास बसला.

ओल्या हातानें विजेचें बटण दाबूं नये, असें आपण मुलांना बजावतों. तें ज्या कारणानें, त्याच कारणावर ही विद्या उभी आहे. कोरडा घट्ट दगड विजेला जवळजवळ वाट देत नाहीं. तोच भेगाळलेला असून भेगांत पाणी असेल, तर त्या पाण्यांत विरघळलेल्या क्षारांच्या आधारानें वीज वाहते. चार खुंट्या एका ओळींत समान अंतरावर ठोकावयाच्या. बाहेरच्या दोहोंतून जमिनींत प्रवाह सोडावयाचा, व आंतल्या दोहोंमध्यें विद्युद्दाबाचा किती फरक पडतो तें मोजावयाचें. त्या फरकाला प्रवाहानें भागून, दोन खुंट्यांमधील अंतरानें व ६.२८ या संख्येनें गुणिलें कीं जमिनीची विरोधकता ओहम-मीटरांत निघते. ही समान अंतरांची मांडणी अमेरिकेंतील फ्रँक वेनर यानें १९१५ च्या सुमारास प्रसिद्ध केली.

"दोन खुंट्यांनीं भागत नाहीं काय?" असें आम्हीं विचारलें. भागत नाहीं, कारण खुंटी व माती यांच्या सांध्यापाशींच एवढा अडथळा होतो कीं त्यांत खालच्या दगडाचें बोलणें ऐकूं येत नाहीं. आंतल्या खुंट्यांतून प्रवाह जवळजवळ जात नसल्यानें त्यांना हा सांधा बाधत नाहीं. खुंट्या जवळ ठोकल्या तर वीज वरवरून जाते. त्या दूर नेल्या कीं ती खोल उतरते. एकूण पसाऱ्याच्या साधारण पांचव्या-सहाव्या हिश्श्याइतक्या खोलीचें वर्तमान हातीं येतें. शंभर मीटरांचा पसारा असेल तर पंधरा-वीस मीटरांचें. मध्यबिंदु न हलवितां पसारा वाढवीत जाणें म्हणजे कुदळ न लावतां एकेक परस खालीं डोकावणें होय.

या विद्येचा एक मूळपुरुष फ्रान्समधील काँराद श्लुंबर्जे. पॅरिसच्या खाणविद्यालयांत अध्यापक असतांना त्यानें आरंभींचे प्रयोग केले ते अंघोळीच्या टबांत! पुढें १९१२ सालीं नॉर्मंडींत वाल-रिशे येथें कुटुंबाच्या वाड्याच्या आवारांत त्यानें उघड्या जमिनीवर मोजमापें घेतलीं. मागाहून त्याचा धाकटा भाऊ मार्सेल त्याला येऊन मिळाला. १९१९ सालीं वडील पॉल यांनीं दोघां मुलांना भांडवल दिलें, आणि तें देतांना लेखी करार केला कीं आर्थिक लाभापेक्षां शास्त्रीय संशोधनाचें हित वरचढ मानावें. घरचा पैसा भूमींत घालावयाचा तर तो असाही घालतां येतो.

परंतु आकडा म्हणजे उत्तर नव्हे, हें बाईंनीं पुनःपुन्हा सांगितलें. बेसाल्टाच्या प्रदेशांत काळी चिकणमाती १० ओहम-मीटरच्या आसपास किंवा त्याखालीं भरते. पाणी धरलेला मुरूम व मांजऱ्या साधारण २० ते ५०. अखंड कातळ शंभराच्या पुष्कळ वर. म्हणजे सर्वांत लहान आकडा हा सर्वांत चांगल्या पाण्याचा नव्हे! चिकणमाती पाणी पुष्कळ धरते, पण कृपणाच्या कोठाराप्रमाणें तें सोडत नाहीं. खारें पाणीही आकडा खालीं आणतें. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यांतील जो खारपाण पट्टा आहे, तेथें विरोधकता फार कमी भरते. भोळा मोजणारा तेथें पाण्याचें भांडार सांपडलें म्हणून नाचेल, आणि वर येईल तें पाणी ना पिकाच्या कामाचें, ना माणसाच्या.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. कातळामध्यें दडलेला पांच मीटर जाडीचा १० ओहम-मीटरचा थर, आणि तसाच दहा मीटर जाडीचा २० ओहम-मीटरचा थर, हे वरून मोजणाऱ्याला जवळजवळ सारखेच दिसतात. कारण जाडीला विरोधकतेनें भागिलें असतां दोहोंचा भागाकार एकच येतो. यांपैकीं पहिला बहुधा चिकणमातीचा, दुसरा विहिरीला जीव देणारा. पेटी यांत निवड करूं शकत नाहीं. म्हणूनच बाईंनीं आल्या आल्या बोअरची जागा विचारली नाहीं. "अगोदर तुमची जुनी विहीर दाखवा," असें त्या म्हणाल्या.

विहिरीच्या उघड्या भिंतींत थर डोळ्यांना दिसत होते: वर काळी माती, मग मुरूम, मग तांबूस मांजऱ्या. तिच्या कांठावर बाईंनीं पहिलें मोजमाप घेतलें, व येथें कोणत्या थराला कोणता आकडा येतो तें टिपून ठेवलें. नंतर दोन्ही कोरड्या बोअरपाशीं मोजलें. मगच त्या नव्या जागेकडे वळल्या. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावें, हें शिक्षणाचें तत्त्व आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत घोकलें. शेतांत तें चालतांना त्या दिवशीं प्रथमच पाहिलें.

विजेच्या खुंट्या हा एकच मार्ग आहे असें मात्र नाहीं. पोलादी पत्र्यावर घण मारून जमिनींतून हादरा किती वेगानें धांवतो, तें ऐकण्याची एक रीत आहे. सुट्या कोरड्या मातींत तो सेकंदास तीन-चारशें मीटर जातो, पाण्यानें भरलेल्या वाळूंत सुमारें पंधराशें, व अखंड बेसाल्टांत पांच हजारांच्या आसपास. कातळ किती खोल आहे, हें तीवरून चांगलें कळतें.

दुसरी रीत तारेच्या वेटोळ्यांची. एका वेटोळ्यांत बदलता प्रवाह सोडला कीं, फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेल्या नियमानें, जमिनींतही प्रवाह उत्पन्न होतात, आणि दुसरें वेटोळें त्यांचा पडसाद टिपतें. खुंट्या ठोकाव्या लागत नसल्यानें एकच माणूस हातांत दांडा घेऊन चालतां चालतां सारें शेत मोजतो. मातीच्या परीक्षेस ही रीत फार उपयोगी. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकांठीं उसाला वर्षानुवर्षें बेसुमार पाणी देऊन जमिनी खारवल्या आहेत. अशा जमिनींत क्षार कोठें व किती खोल बसला आहे, निचऱ्याचे चर कोठें काढावे, हें अशा नकाशावरून ठरवितां येतें. हेंच वेटोळें मोठें करून हेलिकॉप्टरखालीं टांगतात व आकाशांतून मोजतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय अनुसंधान संस्थेनें २०१३-१४ च्या सुमारास देशांत सहा ठिकाणीं असा प्रयोग केला. त्यांत नागपूर जिल्ह्यांतील चंद्रभागा पाणलोट होता. ही चंद्रभागा पंढरपुरची नव्हे.

तिसरी रीत रडारच्या लहरींची. कोरड्या वाळूंत त्या पुष्कळ खोल उतरतात, परंतु आमच्या काळ्या चिकणमातींत एक-दोन मीटरांतच विझतात. सर्व रोगांवर एकच मात्रा चालत नाहीं, तसेंच हें.

आतां आमच्या शेताकडे वळूं. माथ्यावरच्या शेतांत पातळशा मातीखालीं आकडा एकदम शंभरावर गेला, आणि पसारा कितीही वाढविला तरी खालीं येईना. तिसऱ्या बोअरसाठीं ठरलेली जागा तीच, दुसऱ्यापासून पन्नास पावलांवर. बाईंनीं कागदावर रेघ काढून दाखविली व म्हणाल्या, "येथें बोअर घेऊं नका. खालीं एखादी उभी भेग असेलही, आणि अरुंद असली तर ती माझ्या हातून निसटूं शकते. पण तिच्यासाठीं तुमचे पैसे लावा, असें मी सांगणार नाहीं."

पुतण्या चिडला. बाई हात-पाय धुण्यास गेल्यावर तो आम्हांला म्हणाला, "काका, नाहीं म्हणायला पैसे द्यायचे का? पाणाड्यानें निदान जागा तरी दाखवली!" आम्ही उत्तर शोधीत होतों, तोंच माजघरांतून वहिनी म्हणाल्या, "अरे, डॉक्टर पोटाला चिरा देऊं नका म्हणाला, तर त्याची फी बुडवतोस का?" सूनबाई तेथेंच भाजी निवडीत बसली होती. तिनें मान वर केली नाहीं; पण हातांतील बांगडी मनगटावर जराशी फिरविली, तें आम्हीं पाहिलें. त्या दिवशीं वाद तेथेंच संपला.

वाचकहो, या साऱ्या विद्येचें मोल आमच्या मतें त्या एका 'नाहीं'मध्यें आहे. पाणाड्या सहसा 'नाहीं' म्हणत नाहीं. त्याला बोलावणारा आशेनें बोलावतो, आणि तोही आशेनेंच चालतो. अशा आशेची परीक्षा १९८७-८८ सालीं जर्मनींत म्युनिकजवळ एका दुमजली कोठारांत झाली. सुमारें पांचशें पाणाड्यांतून निवडलेले ४३ जण वरच्या मजल्यावर चालत. खालीं पाण्याचा नळ गाड्यावर ठेवून दर खेपेस जागा बदलीत. अशा ८४३ परीक्षा झाल्या. प्रयोग करणाऱ्यांना त्यांतील मोजक्या जणांत कांहीं सिद्धि दिसली. परंतु १९९५ सालीं जिम एनराइट या शास्त्रज्ञानें तेच आकडे पुन्हा तपासून दाखविलें कीं हें यश योगायोगापलीकडे जात नाहीं. खुंट्यांची विद्या चुकत नाहीं, असें नव्हे. ती चुकते, आणि कोठें चुकेल तें अगोदर सांगते. नाडी पाहून 'येथपर्यंत मला कळतें, यापुढें कळत नाहीं' असें म्हणणारा वैद्यच विश्वासास पात्र, असें आमचे वडील म्हणत.

तिची चूकही आम्हीं पाहिली. जुनी विहीर नऊ मीटर खोल होती. तिच्या तळाखालींही मांजऱ्याचा आकडा चालूच राहतो, व कातळ तेरा मीटरांच्या सुमारास असावा, असें बाईंनीं सांगितलें होतें. नवा बोअर न घेतां ज्येष्ठांत ती विहीर खोल करावयास घेतली. कातळ लागला तो अकराव्या मीटरास! म्हणजे चार मीटरांची आशा होती, तेथें दोनच मीटर, फार तर एक परस, पदरांत पडले. मात्र त्या परसभरांत दोन बाजूंनीं झरे निघाले. यंदा विहिरीनें माघांत तळ दाखविला नाहीं. चैत्राच्या मध्यापर्यंत पाणी पुरलें. बाग वांचली. हा चमत्कार नव्हे. दोन महिन्यांची सवड आहे.

ही सवड टिकविणें पेटीच्या हातीं नाहीं. पाणी कोठें आहे याचा अंदाज ती देते. तें किती उपसावें व शेजाऱ्याच्या विहिरीचें काय, याविषयीं ती मुकी आहे. मांजऱ्याचा थर बांध ओळखत नाहीं. आपण उपसलें कीं शेजारची पातळी उतरते. १९९३ सालीं महाराष्ट्राच्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर खणण्यास मनाई केली, ती याच कारणानें. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगीच केली नाहीं. पावसाचें पाणी शेतांत अडवून मुरविलें, तरच पुढल्या वर्षींच्या आकड्याला अर्थ.

ज्यांना बोअर घ्यावयाचा असेल त्यांनीं मोजणाऱ्या तज्ज्ञास तीन प्रश्न अवश्य विचारावे. जवळच्या माहीत असलेल्या विहिरीपाशीं अगोदर मोजणार काय? कमी आकडा आला तर तो चिकणमातीचा किंवा खाऱ्या पाण्याचा नाहीं, हें कशावरून ठरविणार? आणि अंदाज चुकला तर तो कोणत्या बाजूला चुकेल? या तिन्ही प्रश्नांना जो न रागावतां उत्तर देईल, त्याच्या हातीं आपली नाडी द्यावी. जो पहिल्याच भेटींत 'शंभर टक्के पाणी' म्हणेल, त्याच्या हातांत पेटी असो वा नारळ, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

पाणाडी परवां आमच्या पुतण्याला भेटला. विहीर पाहून तो म्हणाला, "जुन्या विहिरीतच पाणी आहे, हें मलाही वाटत होतें." पुतण्यानें त्याला अंजिरांची परडी दिली. सूनबाईंच्या पाटल्या अजून पतपेढींतच आहेत. यंदाच्या फळावर त्या सुटतील असा अंदाज आहे. बांगड्या मात्र हातांत राहिल्या. असो.